सत्तराचा मंत्र आणि स्वयंपाकघरातील मीठ

सिगार ओढणे चांगले की वाईट, हा प्रश्न आम्हांस येथे चर्चावयाचा नाही. तंबाखूने कर्करोग होतो, आणि धूर छातीत ओढून न घेतला तरी तोंड व घसा सुटत नाहीत, हे आता वादाच्या पलीकडे गेले आहे. ज्याने सिगारला अद्याप हात लावला नसेल त्याने तो लावूच नये. आमचा वाद आहे तो जे गृहस्थ सिगार विकत घेतात, वर्षानुवर्षे घरी जपून ठेवतात, आणि ती जपण्याचे शास्त्र म्हणून एक आकडा तेवढा तोंडपाठ करतात, त्यांच्याशी.

तो आकडा म्हणजे ७०. हवेची सापेक्ष आर्द्रता ७० टक्के आणि उष्णता ७० अंश फॅरनहाइट, की झाले शास्त्र! एवढा मंत्र म्हणावा, सुवासिक लाकडाची पेटी आणावी, झाकणाच्या आत पाण्याने भिजविलेला स्पंज बसवावा, दर्शनी बाजूस पितळी तबकडीचे आर्द्रतामापक लावावे, म्हणजे मुंबईच्या गृहस्थास आपण कर्तव्यातून मुक्त झालो असे वाटते. पुढे श्रावणात पेटी उघडावी, तो सिगारवर बुरशीची पांढरी लव! मग दोष तंबाखूचा, दुकानदाराचा किंवा दैवाचा. मंत्राचा अर्थ आपण कधी विचारलाच नाही, हे मात्र कोणाच्या मनात येत नाही.

मंत्र खोटा आहे असे आमचे म्हणणे नाही. तंबाखूचे पान हवेतील पाणी घेते आणि हवेस परत देते. फार सुकले तर वरचे वेष्टन तडकते, सुगंधी तेले उडून जातात आणि धूर जहाल लागतो. फार ओलावले तर सिगार फुगते, ओढली जात नाही आणि वारंवार विझते. तेव्हा मध्यम स्थिती हवी हे खरे. परंतु त्या स्थितीस पोहोचावयाचे ते कोठून, हा खरा प्रश्न आहे. लंडन किंवा न्यूयॉर्क येथे हिवाळ्यात घरे तापविली जातात, आणि खोलीतील हवा इतकी कोरडी होते की आर्द्रता ३० टक्क्यांच्याही खाली उतरते. तेथे पेटीचे काम पाणी देण्याचे. म्हणून तेथे स्पंज शोभतो. मुंबईत आषाढ-श्रावणात बाहेरची हवाच ८५ टक्क्यांच्या घरात असते. तेथे पेटीचे काम पाणी काढून घेण्याचे. अशा वेळी स्पंज भिजविणे म्हणजे बुडत्यास पाणी पाजणे होय. उलट नागपुरास मे महिन्याच्या दुपारी हीच आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास येते, आणि तेथे तोच स्पंज पुन्हा उपयोगी पडतो. एकाच महाराष्ट्रात दोन महिन्यांच्या अंतराने परस्परविरुद्ध उपाय करावे लागत असता केवळ एक आकडा घोकून काय साधणार?

मंत्राचा उत्तरार्ध तर आपण सोयीस्करपणे विसरतो. ७० अंश फॅरनहाइट म्हणजे सुमारे २१ अंश सेल्सियस. आपल्या खोल्या वर्षातील बहुतेक काळ २७ ते ३२ अंशांवर असतात. या उष्णतेत एक किडा जागा होतो. लॅसिओडर्मा सेरिकॉर्नी हे त्याचे शास्त्रीय नाव. त्याची अंडी पुष्कळदा पानाबरोबरच आलेली असतात; खोली थंड असेल तर ती निपचित पडून राहतात, ऊब मिळताच अळी बाहेर येते आणि सिगारला टाचणीने टोचल्यासारखी भोके पाडीत सुटते. म्हणून ज्या घरी हवा थंड राखण्याची सोय नाही, त्याने नवी सिगार घट्ट बंद पिशवीत घालून प्रथम तीन दिवस शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात, उणे १८ अंशांच्या सुमारास, ठेवावी; नंतर एक दिवस खालच्या कप्प्यात, आणि मग बाहेर काढावी. आणि बुरशीपासून दूर राहण्यासाठी आपल्या हवेत ७० ऐवजी ६२ ते ६५ टक्के हाच अधिक शहाणपणाचा आकडा, असे आमचे मत आहे.

कोणी म्हणेल, हे सर्व थोतांड आहे. शेरलॉक होम्स आपल्या सिगार कोळशाच्या डब्यात ठेवीत असे! कॉनन डॉइलने १८९३ मधील एका कथेत तसे लिहिले आहे खरे. परंतु ते त्या स्वारीच्या अव्यवस्थितपणाचे उदाहरण म्हणून, अनुकरणासाठी नव्हे. आठ दिवसांत संपणाऱ्या चिरुटास व्यवस्था लागत नाही, हे आम्हांस मान्य आहे. ज्यास पाच वर्षे जपावयाचे त्यास ती लागतेच.

आता पितळी तबकडीविषयी. अशी यंत्रे पाच-दहा टक्क्यांनी सहज चुकतात, आणि त्यांच्या विश्वासावर लोक पेटीत पाणी ओततात. ते पारखण्याचे साधन प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात आहे. एका लहान वाटीत मीठ घ्यावे, पाण्याचे काही थेंब घालून ते ओलसर करावे, विरघळू देऊ नये. वाटी व मापक एका बरणीत ठेवून झाकण घट्ट लावावे. एका दिवसाने काटा ७५ वर असला पाहिजे, कारण ओल्या मिठाच्या सान्निध्यात बंद हवा तेवढ्यावरच स्थिरावते. जेवढा फरक दिसेल तेवढी यंत्राची चूक. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते ते याच नियमाने. ज्या दिवशी घरातील मीठ ओलावले, त्या दिवशी स्पंज काढून ठेवावा, हे सांगण्यास पितळी काटा कशाला हवा?

पेटीच्या लाकडाचाही असाच बडिवार आहे. ज्यास स्पॅनिश सीडर म्हणतात ते लाकूड स्पेनचे नाही व देवदारूही नाही. ते अमेरिका खंडातील असून कडुनिंबाच्या कुळातील आहे. आपल्याकडील तूण हा वृक्ष पूर्वी त्याच वंशात गणला जात असे. त्याचा सुवास चांगला. परंतु झाकण सैल असेल तर सुवास पावसाळी हवेस अडवू शकत नाही. रबरी कडीची काचेची बरणी, आत त्या लाकडाची एखादी फळी, आणि ओलावा देणाऱ्या व घेणाऱ्या अशा दोन्ही कामांच्या क्षारद्रवाची पुडी, एवढ्याने मौल्यवान पेटीपेक्षा अधिक काम होते. लोणचे जपणाऱ्या आमच्या आजीबाईंस हे तत्त्व ठाऊक होते. कोरडा हात, घट्ट तोंड, आणि पावसाळ्यात बरणी विनाकारण न उघडणे!

आम्ही इतके शब्द खर्च केले ते सिगारच्या प्रेमाने नव्हे. तोच किडा आमची हळद पोखरतो आणि ग्रंथसंग्रहातील पुस्तकांतही शिरतो. तीच बुरशी वडिलार्जित पोथ्यांवर चढते. परदेशच्या ऋतूसाठी केलेला नियम आपल्या ऋतूवर न तपासता लावणे, ही आम्हां इंग्रजी शिकलेल्यांची जुनी खोड आहे, आणि तिची किंमत पेटीपुरतीच राहत नाही. नियम कोठूनही घ्यावा. परंतु तो लावण्यापूर्वी आपल्या घरची हवा मोजावी. येत्या मृगापूर्वी वाचकांनी मापकाजवळ मिठाची वाटी ठेवून पाहावी, आणि ज्या कपाटात पुस्तके आहेत तेथेही तो मापक एकवार फिरवावा, एवढीच आमची विनंती आहे.