पाय टेकण्याचे शहाणपण

मोटारसायकलची शर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे वेग येतो. 'ट्रायल्स' या खेळात मात्र कसोटी लागते ती तोलाची. ओढ्यातले निसरडे दगड, खडकांची चढण, झाडांची मुळे यांवरून गाडी न्यायची, पण पाय जमिनीला लागता कामा नये. एकदा टेकला तर १ दोषगुण, दोनदा २, त्याहून अधिक वेळा ३. पडलात किंवा हद्दीबाहेर गेलात तर ५. ज्याचे दोषगुण सर्वांत कमी, तो विजयी! गाडीला बसायला धड गादीही नसते; स्वार उभाच. आधी तो ती वाट पायी चालून पाहतो.

स्कॉटलंडमधली सहा दिवसांची स्पर्धा १९६५ साली सॅमी मिलरने बुल्टाको गाडीवर जिंकली. अशा विजेत्यांच्या नावावरही सहसा दोषगुण असतातच.

मी ही गाडी कधी चालवलेली नाही, चित्रफितींतच पाहिली. पण मला वाटते, या खेळाचे मर्म वेळीच पाय टेकण्यात आहे. तोल जातोय हे ओळखून जो १ दोष पत्करतो, तो पुढे जातो. हट्टाने पाय वर ठेवणारा ५ घेऊन आडवा होतो.

असा हट्ट मी केला आहे. पहिल्या वर्षी इंग्रजी उमगेना; पण विचारले तर हसे होईल, म्हणून वर्षभर गप्प बसलो आणि नापास झालो.

यंदा पहिल्याच आठवड्यात हात वर केला. वर्ग हसला. हसू द्या, मित्रहो. एकच गुण गेला!