घरातला पहिला मतदार



बिल क्लिंटन, धाकटे जॉर्ज बुश आणि डॉनल्ड ट्रम्प या तिघांचा जन्म १९४६ च्या उन्हाळ्यातला, जून ते ऑगस्टमधला. ट्रम्प यांची दुसरी कारकीर्द जानेवारी २०२९ मध्ये संपेल, तेव्हा १९९३ पासूनच्या ३६ वर्षांपैकी २४ वर्षे अध्यक्षपद या एका उन्हाळ्यात जन्मलेल्यांकडे गेलेले असेल. उरलेल्यांपैकी चार वर्षे बायडन यांची, आणि ते तर १९४२ चे. १९६१ साली जन्मलेल्या ओबामांची आठ वर्षे वगळली, तर व्हाइट हाउसमध्ये पिढी बदललीच नाही. २०२४ मध्येही दोन्ही पक्षांनी आधी हीच नावे पुढे केली. बायडन यांनी २१ जुलैला माघार घेतली, तोवर प्राथमिक निवडणुका उरकून गेल्या होत्या, आणि नव्या उमेदवाराची निवड सामान्य मतदाराच्या हातात राहिली नव्हती. माझ्या मते ही दोन्ही पक्षांची मोठी चूक होती. हे मत माझे एकटीचे आहे. आपले मराठी मंडळ करसवलत मिळणारी ५०१(सी)(३) संस्था असल्यामुळे या पानावरून कोणत्याही उमेदवाराची तरफदारी करता येत नाही आणि मी ती करणारही नाही. मतदाराबद्दल मात्र मनापासून बोलायचे आहे, विशेषतः आपल्या घरांतल्या.

त्याच उन्हाळ्यात, २ जुलै १९४६ रोजी, अध्यक्ष ट्रूमन यांनी लूस-सेलर कायद्यावर सही केली आणि भारतीयांना अमेरिकन नागरिक होण्याची वाट मोकळी झाली. १९२३ च्या भगतसिंग थिंड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीच वाट बंद केली होती. म्हणजे या देशात आपल्या मताचे वय आणि या तीन अध्यक्षांचे वय एकच आहे.

इथल्या जुन्या घरांत पक्ष बहुधा वारशाने येतो. आजोबा डेमोक्रॅट, वडील डेमोक्रॅट, मग मुलगा एक तर तीच वाट धरतो किंवा भांडून दुसरी. आपल्याकडे भांडायलाही वारसा नाही. आई-बाबा एच-१बी वर आले, मग ग्रीन कार्डाची रांग. कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची ही रांग दहा-दहा वर्षांच्या पुढे जाते, आणि कार्ड हाती आल्यावर नागरिकत्वासाठी साधारणपणे आणखी पाच वर्षे थांबावे लागते. तोवर इथे जन्मलेले मूल अठरा वर्षांचे होते. घरातला पहिला मतदार तेच.

आपल्या एका सभासदाच्या घरी ऑक्टोबर २०२४ मध्ये हे जवळून पाहिले. थोरला पुण्यात जन्मलेला, दोन वर्षांचा असताना इकडे आला. एकवीस पूर्ण होताच तो आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडला आणि आता विद्यार्थी व्हिसावर आहे. धाकटी इथलीच. तिची मतपत्रिका टपालाने आलेली, जेवणाच्या टेबलावर पसरलेली. अध्यक्षपदाची नावे वर एका कोपऱ्यात आणि खाली न्यायाधीश, शाळा मंडळ, पाणीपुरवठा मंडळ, शिवाय राज्याचे दहा प्रस्ताव. बाबांचा एकच प्रश्न, "अध्यक्ष म्हणून कुणाला?" ती म्हणाली, "कॅलिफोर्नियाची ५४ इलेक्टोरल मतं कुठे जाणार हे ठरलेलंच आहे, बाबा. मी तेहतीसवर अडलेय." प्रस्ताव ३३ हा शहरांना घरभाड्यावर मर्यादा घालण्याची मोकळीक देणारा होता. माहितीपुस्तिका उघडून ती दोन्ही बाजू भावाला वाचून दाखवत होती आणि तो तिला प्रश्न विचारत होता. मत तिचे, पण त्यामागचा विचार दोघांचा. शेवटी पाकिटावर सही करायची वेळ आली, तेव्हा आईने चष्मा लावून ती नीट आली आहे ना हे पाहिले.

आपली पिढी अमेरिकन राजकारण तीन चाळण्यांतून पाहते: व्हिसा, कर आणि भारताशी संबंध. तिन्ही महत्त्वाच्या आहेत, कुणाच्याही पोटापाण्याचा प्रश्न मी हलका लेखत नाही. मुलांच्या चाळण्या मात्र निराळ्या आहेत: घरभाडे, शिक्षणाचे कर्ज, गर्भपाताचा हक्क, हवामान, गाझा. आणि बंदुका. शाळेत गोळीबार झाला तर म्हणून बालवर्गापासून दिवे बंद करून, दारापासून दूर, आवाज न करता बसण्याचा सराव केलेल्या मुलाला या विषयावर "तुला काय कळतंय" असे आपण कोणत्या तोंडाने म्हणायचे?

बेळगावचे श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनमधून काँग्रेसवर निवडून गेले, तेव्हा आपल्या फोनांवर आनंद मावत नव्हता. मलाही झाला. मुलांनी मात्र लगेच विचारले, त्यांची आरोग्यविम्यावर भूमिका काय? कमला हॅरिस यांची आई तमिळ किंवा उषा व्हान्स तेलुगू कुटुंबातल्या, एवढ्यावर त्यांचे मत ठरत नाही. मला हे मनापासून आवडते.

आणखी एक गैरसमज दूर व्हायला हवा. तरुण म्हणजे सगळे एकाच बाजूला, असे कधीच नव्हते. व्हिएतनामच्या लढाईला अठराव्या वर्षी पाठवता, मग मत का नाही, या रेट्यातून १९७१ मध्ये सव्विसावी घटनादुरुस्ती झाली. पुढच्याच वर्षी डेमोक्रॅट उमेदवार मॅकगव्हर्न यांची मोठी भिस्त तरुणांवर होती, आणि निक्सन यांनी ४९ राज्ये जिंकली. १९८४ मध्ये बहुसंख्य तरुण रेगन यांच्यामागे गेले, तर २००८ मध्ये तिशीच्या आतल्या दर तिघांपैकी दोघांनी ओबामांना मत दिले. २०२४ मध्ये तरुण मुलगे बऱ्याच संख्येने ट्रम्प यांच्याकडे वळले. आपल्या घरांतही हे आहे: तीन तासांचे पॉडकास्ट ऐकणारा मुलगा एकीकडे, त्याची बहीण दुसरीकडे, आणि आईबाबा व्हॉट्सॲपवर पुढे पाठवलेल्या संदेशांवर. एका टेबलावर जेवणारे हे लोक एकमेकांना आपली माहिती कुठून येते एवढे तरी विचारोत.

७ नोव्हेंबर २०२८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत २०१० साली जन्मलेली आपली बहुतेक मुले मत देऊ शकतील. मराठी शाळेत बाराखडी गिरवताना पाहिलेली हीच मुले. कार्यकारिणीपुढे मी दोन सूचना ठेवल्या आहेत. पहिली, दिवाळीच्या कार्यक्रमात नाट्यप्रवेशाआधी अर्धा तास सोळा ते पंचवीस वयाच्या मुलांना द्यावा. विषय त्यांचे, भाषा त्यांना जमेल ती, आणि प्रेक्षकांतून प्रश्न यावेत, उपदेश नको. दुसरी, दाराशी मतदार नोंदणीचे टेबल लावावे. कॅलिफोर्नियात सोळाव्या वर्षापासून पूर्वनोंदणी करता येते. टेबलावर कोणत्याही उमेदवाराचा बिल्ला वा पत्रक असणार नाही. ते सांभाळायला चार स्वयंसेवक हवे आहेत. त्यांत निदान दोघे वीस वर्षांच्या आतले असावेत, आणि ज्यांना अजून मताचा अधिकार नाही अशांनीही जरूर यावे.