डाग बोकडाच्या रक्ताचा की माणसाच्या?

वाचकहो, समजा, जत्रेला बोकड कापताना तुमच्या सदऱ्यावर रक्त उडाले. दोनच दिवसांनी गावात मारामारी होऊन एकाचे डोके फुटले आणि पोलिसांनी पंचनामा करून नेमका तो सदरा उचलला. तुम्ही शपथेवर सांगाल, "साहेब, हे बोकडाचे रक्त!" पण वाळलेले रक्त सगळे सारखेच तपकिरी. खरेखोटे ठरवायचे कसे?

सदरा सीलबंद होऊन सरकारी प्रयोगशाळेत जातो. राज्यातल्या अशा प्रयोगशाळांचे मुख्यालय मुंबईच्या उपनगरात, सांताक्रूझजवळ कलिन्याला आहे. नागपूर, पुणे, नाशिक इथेही त्या आहेत. तिथली युक्ती तुम्हाला गोठ्यावरूनच कळेल. घटसर्पाची लस टोचली की बैलाच्या अंगात त्याच रोगाला ओळखणारी द्रव्ये तयार होतात. त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. तसाच माणसाच्या रक्तातला पातळ अंश सशाला टोचला, की सशाच्या अंगात माणसाचे रक्त ओळखणारी प्रतिपिंडे येतात. डाग मिठाच्या पाण्यात भिजवायचा, त्या पाण्याची सशाच्या रक्तद्रवाशी गाठ घालायची. मध्ये पांढुरकी रेघ उमटली तर रक्त माणसाचे. बोकडाच्या रक्ताने ती उमटत नाही.

१९०१ साली जर्मनीत पाउल उलेनहूथ यांनी ही रीत दाखवून दिली. त्याच वर्षी तिकडे रुगेन बेटावर दोन मुलांचा खून झाला. संशयित सुतार म्हणाला, कपड्यांवर लाकडाचा रंग आहे. तपासणीत निघाले माणसाचे रक्त, आणि मेंढीचेही! मेंढ्या मारल्याचा संशय त्याच्यावर होताच.

आता तर गर्भतपासणीसारखी पट्टी निघाली आहे. बलात्काराच्या तपासात वीर्याचा डागही तशा पट्टीवर ओळखतात. नसबंदी झालेल्याच्या वीर्यात शुक्रजंतू नसतात, पण प्रोस्टेट ग्रंथीतले प्रथिन असते. पट्टी तेच पकडते, त्यामुळे ती सबब चालत नाही.

मात्र रक्त 'माणसाचे' एवढेच ही परीक्षा सांगते. 'कोणाचे' ते डीएनए सांगतो. शेळी-मेंढीत तर तिची गल्लत होते. भाऊबंदच ते!

घरात कुणावर असा प्रसंग आला, तर लाजेने किंवा रागाने कपडे धुऊ नका, जाळू नका. ओले असतील तर सावलीत वाळवा, उन्हात नको. प्रत्येक कपडा वेगळ्या कोऱ्या कागदात गुंडाळून पोलिसांच्या हवाली करा. प्लास्टिकच्या पिशवीत दमट कपड्याला बुरशी येते आणि डाग कुजतो.