स्पॅनिश शिकायला पैसा नव्हे, परवानगी हवी

खाप्यातली एखादी मुलगी म्हणाली, "मला स्पॅनिशची शिक्षिका व्हायचंय", तर घरचे आधी खर्च विचारतील. माझं म्हणणं आहे की खरी अडचण खर्चाची नाही.

महागड्या खासगी क्लासआधी केंद्रीय विद्यापीठं पाहा. जेएनयू आणि जामिया मिल्लियात बारावीनंतर स्पॅनिशची पदवी करता येते. भाषा आधी यावी लागत नाही. जेएनयूचा प्रवेश सीयूईटीतून होतो आणि वर्षाची शिक्षण फी काही शे रुपयांत असते. खरा खर्च राहण्या-जेवणाचा. म्हणून वसतिगृह आणि शिष्यवृत्तीचे अर्ज वेळेत भरा. पुढे एम.ए. आणि नेट केलं की कॉलेजात शिकवण्याची वाट खुली होते. नेटमध्ये स्पॅनिश हा विषय आहे.

ही भाषा आपल्याला परकीही नाही. अंदलुसमधल्या अरबीतून तिच्यात शेकडो शब्द आले. साखरेला 'आसूकार' म्हणतात, तो अरबी 'अस्‌-सुक्कर'च.

नागपूरहून दिल्लीला थेट गाडी आहे. मुलाला नोकरीसाठी त्या गाडीत बसवतो, तर मुलीला तालिमीसाठी का नाही?