उपटणे फुकट, वाचवणे विकत!

दाढेवर सरकारी कॅप बसवावी की खाजगी? हा प्रश्न पडायला आधी दोन दारे उघडी असावी लागतात. सातपुड्यातल्या काठी गावच्या माणसासमोर एकच दार उघडे आहे आणि त्यावर अदृश्य पाटी आहे : दाढ उपटून मिळेल. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने आपल्या रुग्णालयांतले उपचार निःशुल्क केले, केसपेपरचे पैसेही माफ केले. चांगलेच केले. पण दाढेच्या बाबतीत या औदार्याचा अर्थ एवढाच उरतो की काढायची तर फुकट आणि राखायची तर बाजारात जा! वाचण्यासारखा अवयव कापून टाकायचे धोरण सरकारने बोटाच्या किंवा डोळ्याच्या बाबतीत जाहीर केले असते, तर विधानभवन डोक्यावर घेतले गेले असते. दाढ पडली गरिबाची, म्हणून सगळे गप्प.

जरा तपशिलात जाऊ, कारण लबाडी तिथेच दडली आहे. किडलेल्या दाढेचे रूट कॅनाल केले की ठणका थांबतो. पण दाढेचा निम्मा भाग किडीने आधीच खाल्लेला असतो आणि आत शिरण्यासाठी डॉक्टरने वरून भोक पाडलेले असते. उरतात त्या पातळ भिंती. त्यांच्यावर रोज ज्वारीची भाकर आणि भुजलेला मका दळायचा. एक दिवस ती दाढ उभी चिरते, आणि चीर मुळात उतरली की काढण्यावाचून गत्यंतर राहत नाही. म्हणून दाढ चारही बाजूंनी घासतात, माप घेतात आणि तिच्यावर धातूची किंवा सिरॅमिकची कॅप चढवतात. रूट कॅनालचा उत्तरार्ध म्हणजे कॅप. तिला श्रीमंती नखरा म्हणून बाजूला सारणाऱ्या अधिकाऱ्यांनी आपली रूट कॅनाल केलेली दाढ वर्षभर बिनकॅपची ठेवून दाखवावी!

आणि नेमके इथेच सरकारचे घोडे अडते. कॅप दवाखान्यात तयार होत नाही, लॅबमध्ये होते. मापावरून प्लास्टरचा साचा, साच्यावर मेणाचा नमुना, मेणाच्या जागी ओतलेला धातू, मग घासकाम आणि चकाकी. हे तंत्रज्ञाचे काम आहे. २०१४-१५ मध्ये केंद्राने राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम आणला. जिल्हा रुग्णालयात आणि त्याखालच्या रुग्णालयांत दंतचिकित्सक, साहाय्यक, खुर्ची आणि साहित्य यांसाठी त्यातून पैसा देता येतो. कुठे खुर्ची आली, कुठे डॉक्टर आला, कुठे दोन्ही आले. पण माप घेतले तर ते पाठवायचे कुठे? खुर्चीचे उद्घाटन करता येते, फीत कापता येते. मेणाच्या दिव्यापुढे वाकून बसलेल्या तंत्रज्ञाशेजारी उभे राहून कोणता पुढारी फोटो काढून घेणार?

मग खाजगीकडे जा म्हणतात. जाऊ. काठीहून मोलगी, मोलगीहून देवगोई घाट उतरून अक्कलकुवा, तिथून तळोदा, तापी ओलांडली की नंदुरबार. पावसाळ्यात घाटात दरड आली तर सगळेच संपले. तालुक्या-जिल्ह्याच्या गावी रूट कॅनाल आणि साधी धातू-सिरॅमिकची कॅप मिळून आठ-दहा हजारांचा हिशेब सहज होतो. झिरकोनिया म्हटले की आकडा आणखी चढतो. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर होता दिवसाला ३१२ रुपये. नऊ हजार धरले तर एका दाढेसाठी २९ दिवसांची मजुरी, तीही घरात एक दाणा न शिजवता. शिवाय काम एका खेपेत होत नाही. रूट कॅनालला एक-दोन खेपा, मापाला एक, बसवायला एक. प्रत्येक खेपेला भाडे आणि बुडालेला रोज. जे कुटुंब दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जाते, त्याने मधल्या खेपेची तारीख कोणत्या कॅलेंडरात लिहायची?

हा हिशेब जमत नाही तेव्हा बोगस दातवाला जमतो. पेटी उघडून आठवडे बाजारात बसणारी ही जमात देशभर आहे. गुलाबी भुकटी आणि झोंबणारे द्रव कालवून तो लगदा थेट हिरडीवर थापायचा, शेजारच्या चांगल्या दातांना तारेने किंवा त्याच लगद्याने जखडायचा, आणि म्हणायचे, झाला फिक्स दात! लगदा घट्ट होताना तापतो, हिरडी भाजते, खाली अन्न कुजते आणि वर्षा-दोन वर्षांत आधाराचे दातही हलू लागतात. नोंदणी नसलेल्या माणसाला दातांचा धंदा करायला मनाई करणारा दंतवैद्यक कायदा १९४८ सालचा आहे. पण ज्या राज्याने पर्याय ठेवला नाही, त्याने कारवाईच्या गर्जना करू नयेत. पेटीवाला सरकारने मोकळ्या सोडलेल्या जागेत बसला आहे.

आता ठरलेला आक्षेप येईल : नंदुरबारात कुपोषण आहे, सिकलसेल आहे, बाळंतिणींचे मृत्यू आहेत, दाताचे काय घेऊन बसलात? वा! जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला तेव्हापासून प्राधान्याची हीच रांग आदिवासींना दाखवली जाते आणि रांग काही सरकत नाही. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची जवळपास ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची होती. यांनी एका वेळी एकच दुखणे अंगावर काढावे, असा शासननिर्णय निघाला आहे काय? ज्याच्या दोन्ही बाजूंच्या दाढा गेल्या, तो माणूस भाकर पाण्यात कालवून गिळतो. डाळ, शेंगदाणे, भाजीचा देठ टाळतो. पोषणाच्या पुड्या वाटणाऱ्यांना हे ठाऊक नसावे, याचे नवल वाटते. होळीच्या रात्री मात्र सगळ्यांना काठी ठाऊक असते. १२४६ पासूनची म्हणून सांगितली जाणारी ती राजवाडी होळी, मोरपिसांचे टोप, कमरेला भोपळे बांधून पहाटेपर्यंत नाचणारे बुध्या, आणि त्यांच्या कडेने कॅमेरे सरसावून पाहुणे. पाहुण्यांना हसरे चेहरे हवेत. त्या हसण्याच्या मागच्या दाढा कुणी मोजल्या?

जगात हे कुणाला सुचलेच नाही, असेही नाही. आपल्याकडे दंतवैद्यक कायदा आला त्याच १९४८ साली ब्रिटनने राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली आणि दातही तीत घेतले. तीन वर्षांत तिजोरीला घोर लागला, कवळी आणि चष्म्यावर शुल्क बसवायचे ठरले, तेव्हा ती सेवा उभारणाऱ्या अन्युरिन बेव्हन यांनी एप्रिल १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा फेकला. कवळीसाठी मंत्रिपद सोडणारा माणूस! आमच्याकडे खाते बदलले तर रुसतात. त्या सेवेतही आज कॅपला तीनशे पौंडांहून अधिक मोजावे लागतात, तेव्हा तिची आरती ओवाळण्याचे कारण नाही. आमच्या कामाचा धडा ब्राझीलचा आहे. त्या देशाने २००४ मध्ये मौखिक आरोग्याचे राष्ट्रीय धोरण आणले आणि सरकारी पैशातून ठिकठिकाणी कृत्रिम दातांच्या प्रादेशिक लॅब चालवल्या. म्हणजे जी कडी आमच्याकडे गळाली आहे, तिथूनच हात घातला. शेजारच्या कर्नाटकाने ‘दंत भाग्य’ योजनेतून दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धांना मोफत कवळ्या देऊ केल्या. आमचे सरकार तेवढ्यावरही पोचलेले नाही, आणि कवळी ही तर दात गेल्यावरची भरपाई. आम्ही दात जाण्याआधीचे मागतो आहोत.

पोरांची गोष्ट तर संताप आणणारी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीच्या यादीत दातांचे विकार आहेत. पथक आश्रमशाळेत येते, तोंड उघडायला लावते, कीड पाहते, रकाना भरते, पुढे पाठवा असे लिहिते. पुढे कुठे? दुधाच्या दाढांसाठी स्टीलच्या तयार कॅप मिळतात. त्यांना माप लागत नाही की लॅब. स्कॉटलंडच्या डॉ. नॉर्ना हॉल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत तर ना इंजेक्शन, ना घासणे : योग्य मापाची कॅप निवडायची, सिमेंट भरायचे आणि दाढेवर दाबून बसवायची. कीड आत कोंडली जाते आणि उपाशी मरते. तळोदा प्रकल्प कार्यालयाच्या अखत्यारीतल्या एखाद्या आश्रमशाळेच्या व्हरांड्यात, खिडकीच्या उजेडात हे होऊ शकते. नर्मदेच्या फुगवट्यातल्या गावांसाठी बोटीवर तरंगता दवाखाना चालवणाऱ्या प्रशासनाने ते अशक्य म्हणू नये.

कुणी म्हणेल, कॅप महात्मा फुले जनआरोग्य योजनेत टाका आणि मोकळे व्हा. सावधान! पाच लाखांच्या त्या कवचाचा सांगाडा रुग्णाला दाखल करून घेण्यावर उभा आहे. जबडा मोडला, तोंडाचा कर्करोग झाला तर ते उपयोगी. कॅप हे खुर्चीवरचे काम. आणि कॅपमागे ठरीव रक्कम द्यायला लागलात की धडधाकट दाढाही घासल्या जातील. एकदा घासलेले दाताचे कवच पुन्हा उगवत नाही. खाजगी डॉक्टरला आम्ही खलनायक मानत नाही. त्याच्या दरात जागेचे भाडे, खुर्चीचे हप्ते आणि लॅबचे बिल असते. पण त्याच्या दराला लगाम घालणारी एकच गोष्ट असते : समोरच्या सरकारी दवाखान्यात तीच कॅप नीट बसवून मिळणे.

तेव्हा मागणी साधी आहे. नंदुरबारच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या छत्राखाली सरकारी दंत लॅब काढा. धातूच्या साध्या कॅपचा लॅबखर्च काही शे रुपयांत बसतो. सरकारी दंत महाविद्यालयांची नावे एका हाताच्या बोटांवर मावतात आणि मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथून सातपुड्याकडे आपणहून कुणी येत नाही. म्हणून तिथल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांची पाळी मोलगी-धडगावला लावा. रूट कॅनाल झालेल्या मागच्या दाढेवर धातूची कॅप मोफत. दिसण्यासाठी सिरॅमिक हवे त्याने वरचा फरक भरावा, दरपत्रक भिंतीवर टांगलेले असावे. आणि कुपोषित मूल दाखल करणाऱ्या आईला बुडीत मजुरी देण्याची पद्धत या राज्यात आहेच, तीच दाढेच्या मधल्या खेपांनाही लागू करा, बसभाड्यासकट, लॅबच्याच शासननिर्णयात. ते कलम वगळलेत तर माप दिलेल्या कॅप लॅबच्या खोक्यात पडून राहतील आणि वर्षअखेरीच्या अहवालात तुम्हीच लिहाल : योजना होती, लाभार्थी आले नाहीत.