कुंडी कोठे ठेवावी?



मागील वर्षी वर्गांना वाटलेल्या कुंड्या, म्हणजे आपल्या बोलीतले गमले, दिवाळीपर्यंत बहुतेक सुकले. आता सूचना आली आहे की त्यांच्या जागी प्लॅस्टिकची रोपे ठेवावीत. खर्च वाचेल, पाण्याची कटकट नाही. आम्ही या मताचे नाही. दोष मुलांचा नव्हता, आम्ही निवडलेल्या जागेचा होता.

तुळस हे उन्हातले झाड. जुन्या घरांत ती अंगणात असे. आम्ही शोभेसाठी ती कार्यालयाच्या कोपऱ्यात ठेवली. आपल्याला तो कोपरा उजेडाचा वाटतो, कारण कमी उजेडात डोळ्याची बाहुली मोठी होते. पानांना ही सोय नाही. खिडकीपासून दोन-तीन मीटर आत प्रकाश फारच कमी होतो. पाने अन्न कमी तयार करतात, रोप पाणीही कमी पिते. आपण मात्र रोज तांब्याभर ओततो आणि मुळे कुजतात.

खिडकीतले रोप उजेडाकडे वाकते. अंकुराचे टोक झाकले तर तो वाकत नाही, हे चार्ल्स डार्विन व त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी १८८० साली दाखविले. म्हणून आठवड्यातून एकदा कुंडी थोडी फिरवावी.

आपले बुऱ्हाणपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, सुमारे २१.३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेअखेरीस व जुलैच्या मध्यास दुपारचा सूर्य थेट डोक्यावर येतो. डिसेंबरात तो जेमतेम ४५ अंश वर चढतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून हिवाळ्यात ऊन खोलीत शिरते, उन्हाळ्यात जवळजवळ येतच नाही. एकच जागा बारा महिने चालत नाही.

तुळस व जास्वंद पूर्वेच्या व्हरांड्यात ठेवावी, मनी प्लांट खिडकीजवळ. मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो, तेव्हा पश्चिमेच्या भिंतीजवळच्या कुंड्या सावलीत घ्याव्यात.

विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे की आणखी एक वर्ष द्यावे. प्रत्येक वर्गाने आठवडाभर आपल्या खिडकीत ऊन किती वाजता येते व जाते ते वहीत लिहावे, मगच कुंडीची जागा ठरवावी. एखादे रोप सुकलेच, तर का सुकले हे मुले शोधतील. प्लॅस्टिकचे रोप सुकत नाही, म्हणून ते काही शिकवीतही नाही.

– प्राचार्य