वांग धुवायला निघालात, ऊन कुणी वाटलं?

बाईच्या गालावर वांग आलं की सारा गाव वैद्य होतो. कुणी लिंबू चोळ म्हणतं, कुणी मेडिकलातली ट्यूब आण म्हणतं. डॉक्टर सांगतो, 'उन्हात जाऊ नका.' खरंच सांगतो. उन्हानं वांग काळवंडतं. पण उसाच्या फडात कोयता चालवणारीनं, वीटभट्टीवर माती वाहणारीनं उन्हात जायचं न्हाई तर खायचं काय? हे ऊन सूर्यानं वाटलेलं नाही, जातीनं वाटलंय! २००५ च्या रोजगार हमी कायद्यात पोरांना सावली आणि विसाव्याची सोय लिहिली होती. सावली कागदावर पडली, बांधावर कितीदा पडली?

मग हातात ट्यूब येते. तिच्यात बेटामेथासोनसारखं स्टेरॉइड. थोड्या दिवसांत तोंड उजळतं. शेजारणी म्हणतात, गुण आला! गुण कसला? महिनोन्‌महिने चोपडलं की कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, पुरळ उठतं. सोडावं तर आग होते, म्हणून पुन्हा तीच ट्यूब. २०१८ साली सरकारनं स्टेरॉइडची १४ मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं ठरवलं. काउंटरवर चिठ्ठी विचारतो कोण?

दुसरं विष पारा. तो कातडीचा रंग बनू देत नाही, अन् रक्तातून मूत्रपिंडात जाऊन बसतो. केरळात कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ मध्ये मूत्रपिंडाच्या एका विकाराचे १५ रोगी नोंदवले. त्यातले १३ गोरेपणाची क्रीम लावणारे निघाले. गोरं व्हायला गेले, लघवीतून प्रथिनं जायला लागली!

१९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'चं नाव २०२० मध्ये बदललं. 'फेअर' गेलं, 'ग्लो' आलं. 'वधू पाहिजे'च्या जाहिरातीत मात्र 'गोरी' शाबूत आहे, अन् खाली 'एससी-एसटी क्षमस्व'. रंगाची अन् जातीची चाळणी एकच.

बायांनो, काळा रंग हा रोग न्हाई. त्याला औषध नको. वांगाला उपचार हवा असेल तर सरकारी दवाखान्यात कातडीच्या डॉक्टरकडं जा. आत काय आहे ते छापलं नसलेली डबी फेकून द्या. अन् मुकादमाकडं, कारखान्याकडं सावली मागा, दुपारची सुट्टी मागा. एकटीनं नको, सगळ्या टोळीनं मागा. देत नसतील तर कोयते खाली ठेवा!